आधी प्रत, मग दुरुस्ती

मागच्या वर्षी श्रावणात एका प्रकाशकांना जात्यावरच्या ओव्यांचे काही नमुने पाठवायचे होते, म्हणून मी माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली. २००९ ते २०१६ या काळात मावळातल्या गावांमधून फिरून केलेलं २१० तासांचं ध्वनिमुद्रण तिच्यावर होतं. एरवी चटकन उघडणारा फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागली. एक फाइल निम्मी कॉपी होऊन अडकली. मग पडद्यावर विचारणा आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

ज्या बायांनी त्या ओव्या गायल्या, त्यांतल्या बऱ्याचजणी आज हयात नाहीत. म्हणजे ध्वनिमुद्रण पुन्हा करण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरी प्रत जुन्या संगणकावर होती, आणि तो संगणक २०१९ मध्ये मी स्वतःच भंगारात दिला होता.

त्यानंतर मी तेच केलं जे बहुतेक लोक करतात. वायर काढून पुन्हा लावली. एकदा नाही, चार वेळा. मग डिस्क पिशवीत घालून नाक्यावरच्या दुकानात नेली. ‘ताई, फॉरमॅट मारून देतो, मग सॉफ्टवेअरनं डेटा काढू,’ असं तिथल्या मुलानं सांगितलं. मी ‘विचार करून येते’ म्हणून परतले आणि संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मावशी, आधी ती वायर काढ. मग बोल.’

हे वाक्य इतकं महत्त्वाचं का, हे समजून घ्यायला मला पुढचे काही महिने लागले. त्या अभ्यासातून जे हाती आलं ते इथे मांडते आहे.

हार्ड डिस्कचं मूळ तत्त्व १९५६ पासून फारसं बदललेलं नाही. त्या वर्षी आयबीएमनं आणलेल्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. आज खिशात मावणाऱ्या डिस्कमध्येही फिरती तबकडी, तिच्यावर चुंबकीय लेप आणि तो वाचणारं हेड हीच रचना असते. माझ्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावरून हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून ते अंतर किती कमी आहे याची कल्पना यावी.

हे अंतर एकदा बिघडलं, की डिस्कचा प्रत्येक फेरा तिचं उरलेलं आयुष्य खर्च करतो. हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक फेऱ्यात लेप खरवडला जातो. तेव्हा ‘आणखी एकदा लावून बघू’ हा फुकटचा प्रयत्न नसतो. आपल्याकडे मोजकेच प्रयत्न उरलेले असतात आणि किती उरलेत ते माहीत नसतं.

म्हणून पहिलं काम निदानाचं. सगळे बिघाड तबकडीचे नसतात. डिस्क ओळखलीच जात नसेल, पण तिच्यातून कसलाही वेडावाकडा आवाज येत नसेल, तर वायर बदलून एकदा पाहावी. लांब किंवा सैल वायरीतून वीज पुरेशी पोचत नाही. तेव्हा हब टाळून थेट संगणकाच्या यूएसबीला जोडावी. मात्र टक्-टक् असा एका लयीत आवाज येत असेल, किंवा खरवडल्यासारखं ऐकू येत असेल, तर घरी काहीही करायचं नाही. तो हेडचा बिघाड असतो. तिथे धूळविरहित खोली असलेली प्रयोगशाळाच लागते.

माझ्या डिस्कचा आवाज नेहमीसारखा होता. भाच्यानं तिची ‘स्मार्ट’ नोंद वाचली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी वही ठेवते, तिला हे नाव आहे. त्यात ‘प्रलंबित सेक्टर’ या सदरात ९१२ हा आकडा होता. तो शून्य असायला हवा. सेक्टर म्हणजे तबकडीवरचा सर्वांत छोटा कप्पा, आणि प्रलंबित म्हणजे वाचता न आलेला.

पण ही वही कोरी असली म्हणजे डिस्क ठणठणीत, असंही समजू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिला वाचनदोष आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदीत चारही मुख्य धोक्याच्या खुणांपैकी एकही नव्हती. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीर मानावा. मिळेलच असं धरून चालू नये.

यानंतरचा नियम मी आता सगळ्यांना सांगते: आधी प्रत, मग दुरुस्ती. विंडोजमधली ‘चेकडिस्क’ ही सोय दुरुस्तीची वाटते, पण ती मूळ डिस्कवरच लिहिते. तिला फाइलींची यादी सुसंगत करायची असते, आणि त्या भरात न जुळणाऱ्या नोंदी ती काढूनही टाकते. फॉरमॅटचंही तसंच. झटपट फॉरमॅटमध्ये जुना मजकूर बराचसा जागेवर राहतो, पण पूर्ण फॉरमॅट केलं तर विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या सगळीकडे शून्यं लिहितात. मग कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही.

भाच्यानं पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, एक टीबीची नवी डिस्क जोडली आणि ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम लावला. साधी कॉपी पहिल्या खराब कप्प्यापाशी अडून बसते. हा प्रोग्रॅम अवघड जागा सोडून पुढे जातो, सोपं ते सगळं आधी उतरवून घेतो आणि काय राहिलं त्याचा नकाशा एका फाइलीत लिहीत जातो. अवघड जागांकडे तो शेवटी वळतो, त्यामुळे मध्येच डिस्कनं प्राण सोडला तरी जास्तीत जास्त हाती लागलेलं असतं. माझी ५०० जीबीची डिस्क धडधाकट असती तर दोन-तीन तासांत उतरली असती. तिला तीन दिवस लागले. शेवटी सुमारे सहा एमबी तेवढे वाचता आले नाहीत.

दुरुस्ती केली ती प्रतीवर. फॉरमॅटची विचारणा येत होती, कारण विभागाच्या सुरुवातीचा कप्पा खराब झाला होता. एनटीएफएस पद्धतीत त्याची एक प्रत विभागाच्या शेवटी ठेवलेली असते. ‘टेस्टडिस्क’ या प्रोग्रॅमनं ती पुढे आणून बसवली आणि सगळे फोल्डर नावांसकट दिसले. तसं झालं नसतं तर ‘फोटोरेक’ होता. तो फाइलींच्या आरंभीच्या ठरावीक खुणा शोधून त्या बाहेर काढतो, पण नावं मिळत नाहीत. दोनशे तासांच्या ओव्या कुठल्या गावच्या, कुणाच्या, हे मला एकेक ऐकून ठरवावं लागलं असतं.

न वाचलेल्या सहा एमबींपैकी चार रिकाम्या जागेत होते. उरलेले दोन एकाच ध्वनिमुद्रणात निघाले. माझ्या फाइली ‘वेव्ह’ स्वरूपाच्या, म्हणजे न दाबलेल्या. त्यांत सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणून दोन एमबींच्या जागी सुमारे ११ सेकंदांची शांतता आली आणि पुढची ओवी जशीच्या तशी ऐकू आली. तेच मुद्रण मी झिप करून ठेवलं असतं, तर त्या एका भोकामुळे पुढचं सगळं हातचं जाण्याची शक्यता होती.

जाता जाता ऐकीव उपायांविषयी. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवली तर बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं. सर्किटची पट्टी दुसऱ्या डिस्कची लावूनही सहसा भागत नाही, कारण त्या त्या डिस्कची खास मोजमापं तिच्याच पट्टीवरच्या चिपमध्ये असतात.

उलट, निकामी दिसणाऱ्या डिस्कमधूनही किती निघू शकतं याचं उदाहरण कल्पना चावला ज्या यानात होत्या त्या ‘कोलंबिया’चं आहे. २००३ च्या त्या अपघातानंतर अवशेषांत सापडलेल्या जळक्या डिस्कमधून एका प्रयोगाची जवळपास ९९ टक्के माहिती मिळाली. डिस्क निम्मीच भरलेली होती आणि तबकडीवर इजा झालेला भाग कोरा होता. कौशल्य होतं, तसं नशीबही होतं.

नशिबावर आता मी विसंबत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा नियम पाळते. एक प्रत माझ्याकडे, एक क्लाउडवर, एक भाच्याकडे. दर दिवाळीच्या साफसफाईत तिन्ही उघडून काही फाइली ऐकून पाहते. त्या ११ सेकंदांत कुठली ओवी होती, हे मात्र मला आठवत नाही आणि गाणाऱ्या आजींना आता विचारता येत नाही. तुमच्या घरी एखाद्या डिस्कवर कुणाचा आवाज एकट्यानं पडून असेल, तर या सुट्टीत त्याची आणखी एक प्रत करा.