महामारीत रक्ताची गरज : प्लाझ्मा आणि रक्तदान

२०२० व २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने नाशिककरांना रुग्णालयातील अनेक शब्दांची ओळख करून दिली. ‘प्लाझ्मा’ हा त्यांपैकीच एक. अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा तातडीने हवा, असे निरोप मोबाइलवर रात्रंदिवस फिरत. त्याच काळात रक्तपेढ्यांना नेहमीच्या रक्ताची चणचण भासत होती. तिकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. या दोहोंतील भेद वाचकांनी जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

दान केलेल्या रक्ताचे घटक वेगळे करता येतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली माता, अपघातग्रस्त व थॅलेसेमियाची मुले यांना त्या लागतात. त्या सुमारे ३५ ते ४२ दिवस टिकतात, तर प्लेटलेट्स केवळ ५ दिवस. प्लाझ्मा हा रक्तातील पिवळसर द्रव. तो गोठवून वर्षभर ठेवता येतो.

कोरोनातून बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या प्लाझ्मात त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे असतात. ती रुग्णास दिल्यास लाभ होईल, अशी आशा होती. १९१८ च्या साथीतही असे प्रयोग झाले होते. महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये ‘प्लॅटिना’ प्रकल्प हाती घेतला. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील मध्यम आजाराच्या ४६४ रुग्णांवर केलेली चाचणी वेगळेच सांगून गेली. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी सुमारे १९ टक्के रुग्णांचा आजार गंभीर झाला वा ते दगावले. न मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही दुसऱ्या लाटेत नातेवाइकांची धावाधाव सुरूच राहिली. अखेर मे २०२१ मध्ये केंद्राच्या उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळण्यात आला.

नेहमीच्या रक्ताची उपयुक्तता मात्र वादातीत होती. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत महाविद्यालये व कार्यालये बंद झाली आणि तेथील रक्तदान शिबिरेही थांबली. थॅलेसेमियाच्या मुलास साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. साथ आहे म्हणून ते लांबणीवर टाकता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना रक्तदानाचे जाहीर आवाहन करावे लागले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटास लस खुली झाली, तेव्हा तरुणांनी आधी रक्त द्यावे व मग लस घ्यावी, असे सांगण्यात आले. कारण लसीनंतर काही दिवस रक्तदान करता येत नसे.

अनेकांना भीतीनेही मागे ओढले. वास्तविक कोरोना श्वासावाटे पसरतो. रक्त चढविल्याने तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. रक्तदात्यासाठी प्रत्येक वेळी नवी, निर्जंतुक सुई वापरली जाते.

१८ ते ६५ वयाची, किमान ४५ किलो वजनाची व १२.५ हिमोग्लोबिन असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुष तीन महिन्यांनी, स्त्रिया चार महिन्यांनी. आपल्या श्रद्धेत रक्त देण्याघेण्यास कोणताही मज्जाव नाही. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने इच्छुक रक्तदात्यांची रक्तगटवार यादी ठेवावी. वर्षातून एकच मोठे शिबिर भरविण्यापेक्षा दर तीन-चार महिन्यांनी लहान शिबिर घ्यावे. कारण एकाच दिवशी जमलेले रक्त दीड महिन्यापलीकडे टिकत नाही. पुढील साथीत शिबिरे बंद पडली, तरी ही यादी हाताशी असेल आणि एखाद्या मुलाचे रक्त चुकणार नाही.