रताळ्याचा ताळेबंद

बँकेत असताना शेतीकर्जाचा अर्ज समोर आला, की माझी नजर आधी एकच गोष्ट शोधायची : पैसा परत यायला सुरुवात केव्हा होणार? विहिरीला इतकी वर्षे, आंब्याच्या कलमांना इतकी, असे आमचे ठोकताळे असत. कादंबऱ्या लिहू लागलो तरी ही खोड गेली नाही. त्यामुळे आफ्रिकेतल्या रताळ्याच्या नव्या वाणांविषयी वाचतानाही मी आधी हिशेबच मांडला.

आपल्याकडे रताळे म्हणजे उपासाचा कीस. युगांडात किंवा मोझांबिकमध्ये ते पोटभरीचे अन्न. तिथले नेहमीचे रताळे आतून पांढरे वा फिकट पिवळे. अ जीवनसत्त्व त्यात जवळजवळ नाही. त्याच्या अभावाने मुलांची दृष्टी जाते. नारिंगी गराच्या रताळ्याचे सव्वाशे ग्रॅम मात्र लहान मुलाची दिवसाची गरज भागवू शकतात. मग नारिंगी वेल नेऊन लावायचे, झाले! पण बाहेरून आणलेली नारिंगी रताळी पाणचट निघाली आणि तिथल्या मोठ्या माणसांना रताळे हवे पिठूळ. शिवाय विषाणूरोग आहे, दुष्काळ आहे. म्हणजे संकर करणे आले.

आणि खर्चही. रताळ्याच्या संकरातून मिळणाऱ्या बियांतली एक दुसरीसारखी नसते. हजारो रोपांतून निवडत निवडत मूठभर उरतात. टाकून दिलेल्यांवरही मजुरी आणि डिझेल लागलेलेच असते. आमच्या भाषेत हे बुडीत कर्ज, पण ते धरूनच चालावे लागते. त्यात पूर्वी एका वाणाला सुमारे आठ वर्षे लागत. मोझांबिकमध्ये मारिया आंद्रादे यांनी सुरुवातीपासूनच अनेक ठिकाणी एकदम लागवड करून हा काळ निम्म्यावर आणला. २०११ मध्ये दुष्काळात तग धरणारे १५ वाण तिथे एकाच वेळी प्रसारित झाले. युगांडाचे रॉबर्ट म्वांगा आणि आणखी दोघांसह आंद्रादेबाईंना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पैसे भरणार कोण? शेतकरी बाई एकदा वेल घेऊन गेली, की त्याचे तुकडे लावते, शेजारणीलाही देते. दरवर्षी पिशवी विकणाऱ्या कंपनीला यात काय मिळणार? म्हणून सारा भार सरकारे, लिमाचे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आणि देणगीदार यांच्यावर. देणगीची मुदत मात्र बहुधा वाणाच्या जन्मकाळापेक्षा आखूड!

अशा वेळी काटकसरीची कात्री सहज फिरेल ती शेतकऱ्याच्या शेतातल्या चाचणीवर. संशोधन केंद्रात वाण पाहिला ना, मग गावोगाव जीप कशाला? मला हे पटत नाही. केंद्रात खुरपणी वेळेवर होते, पाणी मिळते. कोरड्या ऋतूत वेल जगला नाही तर पुढच्या पावसाला लावायला काहीच उरत नाही, ही धास्ती शेतकरणीला असते. युगांडात २०१० मध्ये आलेला ‘नॅस्पॉट ११’ तर शेतकऱ्यांना निवडीत सामील करूनच तयार झाला.

अलीकडे एक स्वस्त युक्ती निघाली आहे. प्रत्येक घरी तीनच वाणांचे वेल द्यायचे, नावे न सांगता. सर्वांत चांगला कोणता आणि वाईट कोणता, एवढेच विचारायचे. अशी शेकडो घरांची उत्तरे एकत्र केली, की सगळ्या वाणांची क्रमवारी लागते.

काढणीनंतर रताळी उकडून चाखायचीही असतात. मुले बहुधा मऊ, गोड, नारिंगी रताळ्यावर तुटून पडतात आणि मोठी माणसे पिठूळ मागतात. दोन्ही मते नोंदवून घ्यावी लागतात.