श्वेश्वे : निळीचा दूरदेशीचा संसार

कारंजा-मानोऱ्याच्या काळ्या रानात बोंडे फुटू लागली की ज्यांच्या घरी वर्षाचा हिशेब मांडला जातो, त्या आम्हा वऱ्हाडकरांना कापूस परका नाही. पण सरकी काढून, गठाण बांधून तो एकदा पेठेत गेला म्हणजे पुढे कोणाच्या अंगावर कोणत्या रंगाने नांदतो, याची विचारपूस करण्याची वहिवाट आमच्यात नाही. दक्षिण आफ्रिकेहून एका स्नेह्याने आणलेला, गर्द निळ्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे शुभ्र ठिपके असलेला वीतभर तुकडा हाती आला, तेव्हा ती करावीशी वाटली.

त्या कापडाचे नाव श्वेश्वे. बासोथो राष्ट्राचा संस्थापक राजा पहिला मोश्वेश्वे यास १८४० च्या दशकात फ्रेंच मिशनऱ्यांनी निळे छापील कापड नजर केले आणि राजाचेच नाव त्यास चिकटले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे १८५० च्या दशकात पूर्व केपमध्ये वसलेल्या जर्मन कुटुंबांतही तसलेच कापड वापरात होते, म्हणून खोसा भाषेत ते ‘उजमानी’ झाले.

परंतु निळीने सुती कापड रंगवून त्यावर नक्षी उठविण्याची कला युरोपात भरभराटीस आली ती हिंदुस्थानच्या चिटांपासून धडा घेऊन. इंग्रजीतील ‘चिंट्स’ हा शब्ददेखील मूळचा आपल्याकडचाच. या मालाने विलायती विणकरांच्या पोटावर पाय येऊ लागला तेव्हा पार्लमेंटने १७२१ मध्ये छापील सुती वस्त्रे अंगावर घालण्यासही बहुतांशी मनाई केली, आणि नंतर तोच धंदा मँचेस्टरने यंत्रावर उभारून त्याचा माल आफ्रिकेपर्यंत धाडला. ज्या वत्सगुल्माच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, वाकाटक हरिषेणाच्या काळी अजिंठ्याच्या भिंतींवर नक्षीदार वस्त्रे चितारली गेली, तेथे बसून हा हिशेब वाचताना मन खंतावते.

आपले छिपे मेणाने किंवा चिखलाने झाकून कापडाचा भाग निळीपासून राखतात. श्वेश्वेची रीत उलटी. कापड आधी सगळेच निळीत बुडवायचे, मग कोरीव तांब्याच्या रुळांवरून जाताना सौम्य आम्लाने नेमक्या जागची नीळ उडवून पांढरा ठिपका प्रकट करायचा. जहाजाच्या लांब प्रवासात माल बिघडू नये म्हणून घातलेली खळ इतकी दाट, की नवे कापड पुठ्ठ्यासारखे कडकडते, आणि धुतल्यावर मऊ पडते. अस्सल माल ओळखण्यासाठी जाणत्या गिऱ्हाइकिणी पाठीवरचा छाप निरखीत, कापडास जिभेचे टोकही लावून पाहत. ही पारख मला कोणत्याही सरकारी मुद्रेहून विश्वसनीय वाटते.

पूर्व केपमधील झ्वेलित्शाच्या दा गामा गिरणीत १९८२ पासून हे कापड निघू लागले, आणि १९९२ मध्ये ‘थ्री कॅट्स’ या नामांकित छापाचे हक्क घेतल्यावर मँचेस्टरचे ते तांब्याचे रूळही समुद्र ओलांडून तेथे आले. ज्या मुलखात हे कापड परदेशी म्हणून उतरले, तेथे आज नवी सून सासरच्या घरी तेच नेसून वावरते.

माझा तुकडा घरातील ऐंशीच्या घरातल्या आत्याबाईंनी चिमटीत धरला, बोटांनी खळ चुरडून पाहिली, आणि म्हणाल्या, “हे तं आपलंच चीट होय, बापा.”