चढाच्या बेटावर भाड्याची सायकल

भूमध्य समुद्रातील मायोर्का हे स्पेनचे बेट क्षेत्रफळाने सुमारे 3,640 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षा किंचित लहान आहे. 1960 च्या दशकापासून समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हाळी सुट्टीचे ठिकाण म्हणून त्याचा लौकिक वाढत गेला, हॉटेले उभी राहिली; परंतु उन्हाळा सरला की तीच हॉटेले ओस पडत. ही उणीव भरून काढण्यात सायकलस्वारांचा वाटा मोठा आहे, कारण त्यांना हवे असते ते नेमके उन्हाळ्याबाहेर मिळते. उत्तर युरोपातील रस्ते थंडीने गारठलेले असतात तेव्हा, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, येथे ऊन सौम्य असते, बदामाची झाडे फेब्रुवारीतच फुललेली असतात आणि रस्त्यांवर पर्यटकांच्या मोटारी कमी असतात. व्यावसायिक संघ सरावासाठी येऊ लागले, त्यांच्यामागून हौशी स्वार आले, आणि पाल्मा, आल्कुदिया, पोर्ट दे पोयेन्सा अशा गावांतून सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला.

या दुकानांत प्रामुख्याने मिळते ती रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने व दूरवर जाण्यासाठी बनवलेली, अरुंद टायरांची, खाली वळलेल्या हँडलची आणि साधारण सात ते नऊ किलो वजनाची सायकल. विमानातून स्वतःची सायकल नेणे खर्चाचे व जिकिरीचे असल्यामुळे बहुतेक पाहुणे ती तेथेच घेतात. मात्र सपाट प्रदेशात जी सायकल उत्तम ठरेल ती डोंगरात उत्तम ठरेलच असे नाही, आणि सहलीतला आनंद दुकानात घालवलेल्या पहिल्या अर्ध्या तासावर जेवढा अवलंबून असतो तेवढा सायकलच्या किमतीवर नसतो. हे समजण्यासाठी आधी डोंगर पाहिला पाहिजे.

बेटाच्या वायव्य कडेने सेरा दे त्रामुन्ताना ही पर्वतरांग पसरलेली असून तिचे सर्वोच्च शिखर पुच मायोर 1,400 मीटरांहून उंच आहे. उतारावर दगडी बांध घालून केलेली पायऱ्यापायऱ्यांची शेती, ऑलिव्हच्या बागा आणि पाणी खेळवण्याची जुनी व्यवस्था यांमुळे युनेस्कोने 2011 मध्ये या रांगेला सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसा यादीत स्थान दिले. आन्द्राच ते पोयेन्सा हा एमए-10 रस्ता या रांगेतून जातो आणि बेटावरचे बहुतेक नामांकित चढ त्याच्यावर किंवा त्याच्या फाट्यांवर आहेत. सोयेर गावाकडून पुच मायोरच्या बाजूने जाणारा चढ सुमारे 14 किलोमीटरांचा असून तो माथ्याजवळ एका बोगद्यात शिरतो. ईशान्येकडील फोर्मेन्तोरच्या भूशिराचा रस्ता दीपगृहापाशी संपतो. तो फार उंच जात नाही, पण सतत चढउतार करत राहतो आणि वारा सुटला की चांगलीच परीक्षा पाहतो.

या सर्वांत सा कालोब्राचा रस्ता वेगळा आहे. आंतोनिओ पारिएत्ती या अभियंत्याने आखलेला हा रस्ता 1932 चा आहे. डोंगर फोडून बोगदे काढण्याऐवजी पारिएत्तीने उताराला उतार जुळवत वळणामागून वळण घेतले, आणि एका ठिकाणी तर रस्ता पूर्ण फिरून स्वतःच्याच खालून जातो; त्या जागेला टायची गाठ असे नाव पडले आहे. खोदलेला दगड भरावासाठी वापरत हे काम बहुतांशी मजुरांच्या हातांनी झाले, याचा विसर वरून दिसणारी ती रेखीव वेटोळी पाहताना पडू नये. आधी कोल देल्स रेइस नावाच्या, 682 मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचायचे, तेथून साडेनऊ किलोमीटर उतरून समुद्राला टेकायचे आणि मग त्याच रस्त्याने परत वर यायचे, असा हा प्रवास असतो, कारण खाली गेलेला रस्ता दुसरीकडे कोठेही निघत नाही. आंबोलीची समुद्रसपाटीपासूनची उंचीही साधारण एवढीच आहे. परंतु सावंतवाडीकडून आंबोली गाठणाऱ्याला दम संपला तर मागे फिरून उतरता येते, तर सा कालोब्राच्या तळाशी पोहोचलेल्याला परतीसाठी फक्त चढच उरतो. सोयेरच्या बंदराकडे जाणारी प्रवासी बोट असते, पण समुद्र खवळलेला असेल तर तिचा भरवसा धरता येत नाही.

या चढाचा सरासरी कल सुमारे सात टक्के आहे, म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक शंभर मीटरमागे सात मीटर उंची चढावी लागते. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन धरले, तर ते एवढ्या उंचीवर तासाभरात नेण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जवळजवळ 150 वॅट शक्ती सतत लागते, आणि टायर व साखळी यांच्या घर्षणाचा भार त्यावर वेगळा. नियमित सराव असलेल्या हौशी स्वाराला एवढे जमते, मात्र त्यासाठी गिअर योग्य हवेत. पॅडलजवळच्या दातेरी चकतीला 34 दात आणि मागच्या चाकावरील सर्वांत मोठ्या चकतीलाही 34 दात असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो व सायकल सुमारे 2.1 मीटर पुढे जाते. ताशी नऊ किलोमीटर वेगाला मिनिटाला 71 फेरे पडतात आणि पाय मोकळेपणाने फिरतात. जुन्या धाटणीच्या शर्यतीच्या सायकलवर पुढे 39 आणि मागे 25 दात असतील, तर त्याच वेगाला केवळ 46 फेरे पडतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला दीडपटीहून अधिक जोर लावावा लागतो आणि गुडघे व मांड्या भरून येतात. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न कंपनीच्या नावाचा नव्हे, तर सर्वांत हलक्या गिअरच्या दातांचा विचारावा. पुढे 34 आणि मागे 32 किंवा 34 दात हे उत्तर मिळाले तर निर्धास्त राहावे.

उतरताना कसोटी ब्रेकची लागते. वर चढताना कमावलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उतरताना ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर पडावा लागतो, आणि ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापतात. रिमला चिमटा घेणाऱ्या ब्रेकपेक्षा डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या आसाजवळील धातूच्या तबकडीला धरणारे ब्रेक, येथे अधिक विश्वासाचे ठरतात, विशेषतः रिम कार्बनच्या असतील तेव्हा. वेग वळणाआधीच कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे, आणि ब्रेक मधूनमधून सोडावेत. भारतीय स्वाराने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: आपल्याकडील मोटरसायकल व स्कूटरप्रमाणे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असेल असे त्याचा हात धरून चालतो, तर युरोपच्या मुख्य भूमीवरील सायकलींत डावा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो. मायोर्कातील अनेक दुकाने सांगितल्यास ही जुळणी बदलून देतात. तसे झाले नाही, तर मोकळ्या जागेत दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून हाताला सवय लावावी, कारण घाटातल्या वळणावर आठवायला वेळ नसतो.

फ्रेमचे माप सेंटीमीटरांत किंवा इंग्रजी अक्षरांत सांगितले जाते व ते उंचीवरून ठरते. सीटची उंची मात्र घरच्या सायकलवरच, पॅडल ज्याभोवती फिरतात त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत टेपने मोजून तो आकडा लिहून न्यावा, म्हणजे दुकानात अंदाजावर वेळ जात नाही. आकडा नसेल तर सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवावी. गुडघा सरळ झाला की उंची जवळपास बरोबर असते. ज्यांच्या बुटांना पॅडलमध्ये अडकणारी पट्टी असते त्यांनी आपली पॅडल सोबत न्यावीत, आणि बसवताना डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो हे विसरू नये. सायकल ताब्यात घेण्यापूर्वी मागचे चाक उचलून, पॅडल फिरवत साखळी सर्वांत मोठ्या चकतीवर चढवून पाहावी. त्या स्थितीत गिअर बदलणारा हात स्पोकला लागत असेल, तर त्याला धरणारा छोटा तुकडा वाकलेला असतो, आणि चढावर नेमकी याच गिअरची गरज पडताना तो हात चाकात अडकू शकतो. जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप आणि छोटी हत्यारे पिशवीत आहेत ना हे पाहावे, आधीचे ओरखडे दुकानदाराला दाखवून त्यांची नोंद करावी, आणि विम्यात चोरी धरलेली आहे की फक्त मोडतोड हे विचारावे. अनामत रकमेचे वाद बहुधा येथूनच सुरू होतात.

स्पेनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. सायकलला मागे टाकताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर सोडले पाहिजे असा कायदा आहे, आणि दोघांनी शेजारी शेजारी चालवण्यास परवानगी असली तरी आंधळ्या वळणावर एकामागे एक जाणेच योग्य. शहराबाहेरील रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे आहे, सायकल चालवताना कानात इअरफोन घालण्यास बंदी आहे आणि बोगद्यात दिवा लागतो, त्यामुळे सोयेरहून पुच मायोरकडे निघणाऱ्याने भर दुपारीही पुढचा आणि मागचा दिवा जवळ ठेवावा. सा कालोब्राला मात्र सकाळी लवकर निघावे, कारण दिवस वर आला की पर्यटकांच्या बस त्याच अरुंद वळणांवर समोरून येतात आणि कित्येक वळणांवर बसला पूर्ण रुंदीचा रस्ता लागतो. मार्च ते मे या काळात मधल्या मापाच्या सायकली लवकर संपतात, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरच सायकलचेही माप, गिअर आणि ब्रेकची जुळणी लिहून कळवून आरक्षण करावे.