कोंडातले पाणी

मे महिना आला की आपल्या पोलादपूर-महाड भागात मुंबईची माणसे गावी येतात. घर भरते. दुपारी उकडू लागले की पोरे म्हणतात, "चला कोंडावर!" जावे की. मीही लहानपणी जात असे. पण पाणी कसे वागते ते ठाऊक असावे.

आपली सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. आंबेनळी घाटाच्या बाजूच्या खोऱ्यातून ती पोलादपुरास उतरते. पुढे महाडवरून जाऊन बाणकोटला समुद्रास मिळते. उन्हाळ्यात तिची धार बारीक होते. कोंड मात्र भरलेले राहतात. काठाशी पाणी गुडघाभर असते आणि दोन पावलांवर डोक्यावर जाते. वाळू काढलेली असेल तर खड्डा कुठे आहे ते गावकऱ्यालाही सांगता येत नाही.

आणखी एक गंमत पाहा. घागरीत काठी तिरपी बुडवा. ती मोडल्यासारखी दिसते. पाणी डोळ्यांना फसवते. काठावरून वाकून पाहिले आणि तळ तीन हातांवर दिसला, तर तो खरोखर चार हातांवर असतो. तिरप्या नजरेने तर तो आणखीच वर दिसतो. म्हणून परक्या कोंडात डोळ्यांवर विसंबू नये. काठीने ठाव घ्यावा. खडकावरून सूर मारू नये. दारू प्यालेल्याने तर पाण्यात पाऊलही टाकू नये.

महाडच्या बाजूला सावित्रीत मगरी आहेत. तिथे पोहायचे नाव नको.

मेअखेर वळीव पडतो. आपल्याकडे ऊन असते आणि वर महाबळेश्वराकडे गडगडत असते. तिकडचे पाणी थोड्या वेळात खाली येते. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहत आला, की कपडे गोळा करीत बसू नका. आधी वर या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. ते दिवस पावसाळ्याचे होते खरे, पण नदी हीच.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना अजून जीव जड होतो. माझ्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत धाकट्या भावाला घेऊन कोंडावर गेला. धाकट्याचा पाय घसरला. थोरल्याला पोहता येत नव्हते, तरी त्याने उडी घेतली. दोघेही गेले. मी पोचलो तेव्हा काठावर बाया रडत होत्या आणि खडकावर त्यांची नऊवारी लुगडी वाळत होती. नऊ वार म्हणजे अठरा हात. पोर काठापासून दहा हातांवर होते. लुगड्याचे एक टोक फेकायचे कोणाला सुचले नाही. त्या बायांना दोष देत नाही. आम्ही मास्तरांनी तरी ते कधी शिकवले होते?

तेव्हा दोर, काठी, लुगडे, रिकामा डबा, जे हाताशी असेल ते फेका. आपण काठावर आडवे पडून ओढा. बुडणारा माणूस ओरडत नाही, बरे का. तोंडात पाणी असल्यावर ओरडणार कसा? तो गुपचूप खाली जातो. म्हणून पोरांवर एका मोठ्या माणसाने नजर ठेवावी, आणि त्याने त्या वेळी पत्ते खेळू नयेत.

बाहेर काढलेल्यास उलटे टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर त्याला उताणे निजवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने दोन वेळा श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० वेळा भरभर दाबा. मोठ्या माणसाची छाती दोन इंच तरी खाली गेली पाहिजे. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० वेळा दाब. दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबू नका. गाडीसाठी दुसऱ्या कोणी तरी १०८ वर फोन करावा. फुकट लागतो.

पोर शुद्धीवर येऊन जेवायला मागू लागले तरी त्याला दवाखान्यात न्याच. छातीत गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.