आधी भाजणी, मग योद्धे

विदर्भातल्या राजूरच्या चुनाभट्ट्यांच्या धगीत वाढलेल्या माणसाला मडकं दाखवा. नक्षीच्या आधी तो भाजणी बघेल. माझंही तेच. प्राचीन ग्रीसच्या मडक्यांवरचे योद्धे पाहताना भाले-ढालींच्या आधी त्यांचा काळाभोरपणा माझ्या डोळ्यांत भरतो.

त्यासाठी वेगळा काळा रंग आणलेला नाही. लोहाचा अंश असलेल्या मातीचाच बारीक गाळ कुंभार आकृतीवर लावायचा. भट्टीत हवा खेळती असली, की सगळं लाल. मग झरोके बुजवून ओली लाकडं टाकायची. धूर कोंडला, की सगळं काळं. शेवटी पुन्हा हवा सोडली, की मडकं लाल होतं; गाळाचा थर मात्र तोवर काचेसारखा घट्ट झालेला असतो, हवेला दाद देत नाही, काळाच राहतो. इ.स.पू. सहाव्या शतकात अथेन्सच्या एक्सेकियसने याच रीतीने अकिलीस आणि एजॅक्स रंगवले. दोघं वीर पटावर खेळायला बसलेत, पण भाले काही खाली ठेवलेले नाहीत! ते मडकं आज व्हॅटिकनमध्ये आहे.

मला त्याहून सहाशे वर्षं जुनं, ग्रीसमधल्याच मायसिनीचं मडकं अधिक आवडतं. उत्खनन करणाऱ्या श्लीमानला सापडलेलं, द्राक्षाच्या दारूत पाणी कालवायचं, हातभराहून किंचित कमी उंच. इथे भाजणी साधीच. पण शिंगांची शिरस्त्राणं घातलेले, नाकेले, दाढीवाले सैनिक ओळीनं निघालेत आणि भाल्यांना पिशव्या लटकतायत. शिदोरीच असावी. मागे एक बाई हात वर करून उभी. पराक्रमाच्या चित्रात शिदोरी काढणारा चितारी मला फार खरा वाटतो.

पुढे काही शतकांनी विदर्भातही लढवय्ये होते. नागपूरजवळ माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९७०च्या सुमारास शिळावर्तुळं, म्हणजे दगडांची वर्तुळं रचलेली दफनं, उकरली, तेव्हा लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, घोड्यांचे सांगाडे आणि घोड्यांच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने निघाले. सोबतची मडकी काठाशी काळी, खाली लाल. उपडी ठेवून भाजली, की तोंडाकडे हवा पोचत नाही, असा त्याचा एक उलगडा सांगतात. त्या मडक्यांवर योद्ध्याची आकृती मात्र नाही. कसब नव्हतं असं नाही; विस्तव त्या काळच्या लोकांना नीट कळत होता. विदर्भातल्याच नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच मिळाली आहे. मला वाटतं, त्यांनी सगळी हौस घोड्यावर केली.