सोनेरी कांठाचें दुखणें

तहानेनें कोमेजलेलें झाड आणि पाण्यानें कुजत चाललेलें झाड हीं वरून पाहणाऱ्यास सारखींच दिसतात. दोघांचीं पानें मरगळतात, दोघांचा रंग उतरतो, आणि दोघांकडे पाहून घरांतील कनवाळू माणसाचा हात आपोआप तांब्याकडे जातो. पहिलें झाड त्या तांब्याभर पाण्यानें दुसऱ्या दिवशीं मान वर करतें. दुसरें त्याच पाण्यानें आणखी खचतें, आणि तें खचलेलें पाहून कोणीतरी पुन्हां तांब्या उचलतो. आमच्या एकत्र कुटुंबांत तांब्या उचलणारे हात पुष्कळ आहेत. त्यामुळें गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरचें एक जुनें झाड मरणाच्या दारीं जाऊन परत आलें. त्याची हकीकत सविस्तर लिहिण्याचें कारण इतकेंच कीं, असे प्रसंग पुष्कळ घरांत घडतात आणि शेवटीं झाड कचऱ्यांत जातें. वस्तुतः तें पुष्कळदां वांचवितां येतें.

झाड स्नेक प्लँटचें. तलवारीच्या पात्यासारखीं सरळ उभीं वाढणारीं जाड पानें, त्यांवर सापाच्या अंगावर असावेत तसे आडवे गडद-फिकट पट्टे, आणि आमच्या झाडाच्या जातींत प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनीं लुगड्याच्या कांठासारखा लखलखीत पिंवळा कांठ. मूळची वस्ती पश्चिम व मध्य आफ्रिकेंतील उष्ण प्रदेशांत. ह्या कांठाच्या जातीला ‘लॉरेंटिआय’ म्हणतात, तें एमिल लोराँ ह्या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नांवावरून. कांगोच्या प्रवासाहून परततांना १९०४ सालीं हा गृहस्थ वाटेंतच वारला. शास्त्रज्ञांनीं ह्या झाडास २०१७ सालीं सॅन्सेव्हिएरिया ह्या जुन्या गणांतून उचलून ड्रासीना गणांत बसविलें आहे, परंतु रोपवाटिकांत अद्याप जुनेंच नांव चालतें. ह्याचेंच एक भावंड आपल्या देशांतलें असून त्याच्या पानांतून चिवट वाख निघतो, व पुष्कळांच्या मतें जुन्या ग्रंथांतली मूर्वा ती हीच. क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या दोरीची असावी असें मनुस्मृति सांगते. मूर्वा म्हणून कोणती वनस्पति घ्यावी ह्याविषयीं वैद्यमंडळींत एकमत नाहीं, तेव्हां तो वाद येथें नको.

आमचें झाड माईंनीं, म्हणजे माझ्या सासूबाईंनीं, लावलेलें. मागल्या पडवींत, साध्या मातीच्या कुंडींत तें उभें असे. माई त्याला फक्त एकादशीस पाणी घालीत, आणि चातुर्मासांत तर एकाआड एक एकादशीस. “आपला उपास तो ह्याचा जेवणाचा दिवस,” असें त्या म्हणत. हा नियम त्यांनीं कोणत्या पुस्तकांत वाचला नव्हता. झाडाकडे पाहून बसविला होता. आज त्यामागचें शास्त्र वाचतांना मला त्यांचें नवल वाटतें. निवडुंग व अननस ह्यांच्याप्रमाणें हें झाड दिवसा आपलीं पर्णरंध्रें मिटून घेतें व रात्रीं उघडतें, त्यामुळें त्याचें पाणी फारच थोडें उडून जातें. शिवाय पानांत व जमिनीखालच्या कंदांत तें पाण्याचा सांठा करून ठेवतें. घरांतल्या मंद उजेडांत तर त्याची तहान आणखी मंदावते. पंधरवड्याचें पाणी त्याला पुरून उरे.

माईंना जाऊन आतां तीन वर्षें झालीं. गेल्या ज्येष्ठांत धाकट्या जाऊबाईंनीं दिवाणखान्याची मांडणी बदलली आणि झाड आंत आणलें. हेतु दोन: एक शोभेचा, दुसरा आरोग्याचा, कारण हें झाड खोलींतली हवा शुद्ध करतें अशी सर्वत्र समजूत आहे. ती मुख्यतः अमेरिकेच्या नासा संस्थेनें १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून पसरली. परंतु ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांत केलेले होते, आणि पुढें २०१९ सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब घेणाऱ्या संशोधकांनीं दाखविलें कीं, साध्या वायुवीजनाइतकें काम झाडांकडून करून घ्यायचें तर खोलींत जंगलच उभें करावें लागेल. असो, शोभा मात्र खरोखरच आली. मातीची कुंडी बेढब दिसते म्हणून झाड प्लास्टिकच्या कुंडींत हलविलें व ती कुंडी माईंच्याच पितळी घंगाळांत बसविली. घांसून लखलखीत केलेलें घंगाळ आणि त्यांतून वर आलेले सोनेरी कांठ! आल्यागेल्या प्रत्येकानें कौतुक केलें. घंगाळाला भोंक नसतें, ही गोष्ट त्या कौतुकांत कोणाच्या लक्षांत आली नाहीं, माझ्याहि नाहीं.

मग पाणी सुरू झालें. काकासाहेब संध्या आटोपली कीं उरलेलें पाणी आठवणीनें झाडाला घालीत. जाऊबाईंचा वार रविवार. पुतण्या शाळेंतून आला कीं बाटलींतलें उरलेलें पाणी तेथेंच ओती, कारण मोरीपेक्षां दिवाणखाना जवळ. स्वयंपाकाच्या मावशींना झाड ‘सुकल्यासारखें’ वाटे. आणि मीहि मधूनमधून घालीतच होतें. प्रत्येकाचें पाणी थोडें, आणि दुसराहि घालतो हें कोणास ठाऊक नाहीं.

श्रावणाच्या शेवटीं बाहेरचीं दोन पानें पिंवळीं पडलीं, तीं कांठाच्या तेजस्वी पिंवळेपणानें नव्हे, तर उकडलेल्या भाजीच्या निस्तेज पिंवळेपणानें. बुडाशीं बोट दाबलें तर पान मऊ लागे. एके सकाळीं मधलें पान कोणी हात न लावतां आडवें झालें, आणि त्याच्या बुडाला नासक्या कांद्यासारखी घाण सुटली होती. तेव्हां कोठें मीं कुंडी घंगाळांतून उचलली. खालीं चार बोटें काळपट पाणी उभें होतें.

पाण्यानें मूळ कां कुजावें, असें काकासाहेबांनीं त्याच वेळीं विचारलें, व तो प्रश्न रास्त होता. मुळांनाहि श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. त्या पाण्यानें भरल्या कीं मुळांना प्राणवायु मिळेनासा होतो, कारण पाण्यांतून तो हवेच्या मानानें अतिशय सावकाश पसरतो. गुदमरलेलें मूळ मरूं लागतें, आणि मग मातींत दबा धरून बसलेले सूक्ष्म जीव त्यावर तुटून पडतात. त्यांत पिथियम व फायटोफ्थोरा हे नेहमींचे अपराधी. दिसण्यांत ते बुरशीसारखे, परंतु त्यांचें नातें खऱ्या बुरशीपेक्षां समुद्रांतल्या तपकिरी शेवाळाशीं अधिक जवळचें आहे, आणि त्यांचीं बीजें पाण्यांतून अक्षरशः पोहत पुढच्या मुळापर्यंत जातात. १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक नासून जो भयंकर दुष्काळ पडला, तो फायटोफ्थोराच्याच एका जातीचा प्रताप. आपल्याकडे हळदीच्या व आल्याच्या शेतांत पाणी तुंबलें कीं शेतकरी ज्या कंदकुजीच्या भीतीनें हवालदिल होतो, तिच्यांतहि पिथियमचा हात असतो. पाणी वर चढविणारीं मुळेंच नाहींशीं झालीं म्हणजे झाड पाण्यांत उभें राहून तहानेनें मरतें. मावशींना तें सुकल्यासारखें वाटे, तें ह्या अर्थानें खरेंच होतें.

कुंडी उलटी करून माती झटकली. निरोगी मूळ फिकट व कडक असतें. कुजकें मूळ तपकिरी, आणि चिमटींत धरून ओढलें कीं त्याची साल मोज्यासारखी सरकून हातांत येते व आंत नुसता दोरा उरतो. आमच्या झाडाचीं बहुतेक सारीं मुळें अशींच निघालीं.

गणपतीसाठीं आलेल्या आत्याबाई हा सारा खटाटोप पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अग, एवढें काय घेऊन बसलीस? एक चांगलें पान काप, चार तुकडे कर आणि पेल्यांत उभे करून ठेव. मुळें फुटतात.” आत्याबाईंचें म्हणणें खोटें नव्हतें. ह्या झाडाच्या पानाचा वीतभर तुकडाहि, बूड खालीं ठेवून वाळूंत किंवा पाण्यांत उभा केला, तर दीड-दोन महिन्यांत मूळ धरतो व पुढें त्यापासून नवें झाड होतें. अडचण एवढीच, कीं तें झाड निव्वळ हिरवें होतें. कांठ येत नाहीं.

ह्याचें कारण मोठें मौजेचें आहे. कांठाचा पिंवळा रंग साऱ्या झाडाच्या रक्तांत नसतो. वाढीच्या टोकाशीं पेशींचे थर एकावर एक असतात, अस्तर लावलेल्या बंडीसारखे. आणि ह्या झाडांत एका थराला हरितद्रव्य करतां येतें, दुसऱ्याला येत नाहीं. पानाच्या मध्यभागीं हिरवा थर पसरलेला असतो म्हणून पान हिरवें दिसतें, आणि कडेला जेथें तो पोहोंचत नाहीं तेथें दुसऱ्याचा पिंवळा रंग उघडा पडतो. असे दोन प्रकृतींचे थर एकाच देहांत नांदणाऱ्या झाडाला कायमेरा म्हणतात. ग्रीक पुराणांतील सिंह, शेळी व सर्प मिळून झालेल्या प्राण्याचें हें नांव विंक्लर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें कलमांवर प्रयोग करतांना १९०७ सालीं वापरलें; आपल्याकडच्या माणसानें नांव ठेवलें असतें तर नरसिंह म्हटलें असतें. दोनच वर्षांनीं बाउर ह्यानें पांढऱ्या कांठाच्या जिरेनियमवर अभ्यास करून ही थरांची रचना उलगडून दाखविली. आतां पानाचा तुकडा लावला म्हणजे नवा कोंब त्याच्या आंतल्या पेशींतून नव्यानें जन्मतो. थरांची जुनी घडी त्याला मिळत नाहीं. कंदावरच्या डोळ्यांत मात्र ती घडी जशीच्या तशी असते. म्हणून कांठ हवा असेल तर पान वांचवून भागत नाहीं, कंदच वांचवावा लागतो. आणि आमच्या झाडाची कूज मुळांवरून कंदांत शिरली होती.

“हिरवें तर हिरवें. झाड जगल्याशीं कारण,” आत्याबाई म्हणाल्या. जाऊबाई कांहीं बोलल्या नाहींत. घंगाळ त्यांनीं मांडलें होतें. काकासाहेब एवढेंच म्हणाले, “वहिनींच्या झाडाला कांठ होता.”

मीं दोन्ही करायचें ठरविलें. पानाचे चार तुकडे आत्याबाईंच्या पेल्यांत गेले, आणि कंद पाटावर आला.

कापतांना दया उपयोगाची नाहीं. हा कंद आल्यासारखाच आडवा वाढतो. कुजक्या टोकाकडून कापीत जावें, आणि आंतला भाग घट्ट, पांढरट व बिनडागाचा लागेपर्यंत थांबूं नये. तपकिरी ठिपका जरी दिसला तरी आणखी थोडें आंत जावें. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटनें पुसावी, नाहींतर रोग आपणच पुढें नेतों. पुसण्याचें काम जाऊबाईंकडे होतें. वीतभर कंदांतून शेवटीं अंगठ्याएवढा तुकडा उरला, त्यावर एक शाबूत पान आणि एक फुगीर डोळा. “एवढाच?” त्या म्हणाल्या.

कापावर काय लावावें ह्यावर घरांत तीन मतें पडलीं: हळद, राख आणि दालचिनीची पूड. माझ्या मतें लावण्यापेक्षां वाळविण्याला महत्त्व अधिक. काकासाहेबांच्या समाधानासाठीं चिमूटभर हळद लावली, आणि तुकडा सावलींत, वारा लागेल अशा ठिकाणीं, कापावर कोरडी खपली धरेपर्यंत पांच दिवस कागदावर ठेवला. झाड इतके दिवस मातीबाहेर ठेवणें जिवावर येतें खरें, पण ह्या जातीचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. ओला काप लगेच मातींत घातला तर मात्र कूज पुन्हां पहिल्यापासून सुरू होते.

जुनी माती फेंकून दिली. ती दुसऱ्या कुंडींत, आणि तुळशींत तर मुळींच, टाकूं नये. माईंची मातीची कुंडी अडगळींतून काढून उकळत्या पाण्यानें धुतली. देशावरची काळी माती अशा कामीं घातक, कारण ओली झाली कीं ती फुगून चिकटते. आम्हीं लाल माती, जाड वाळू आणि विटांचा चुरा सारखा घेऊन त्यांत मूठभर जुनें शेणखत मिसळलें. कुंडी लहान हवी. मोठ्या कुंडींतली माती मुळांवांचून ओलीच्या ओली राहते. तळाशीं खडे घातले म्हणजे निचरा चांगला होतो, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. बारीक मातींतलें पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजीं उतरत नाहीं. माती अगदीं तुडुंब भिजल्यावरच तें खालीं गळतें. म्हणजे चिखलाचा थर खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोंकावर एक खापरी ठेवली कीं पुरे.

“मग मनी प्लँट बाटलींत वर्षानुवर्षें कसा जगतो?” पुतण्यानें विचारलें. पाण्यांतच फुटलेलीं मुळें त्या राहणीला जुळवून घेतात, त्यांच्या अंगांत हवा खेळवणाऱ्या पोकळ्या तयार होतात. शिवाय बाटलींत कुजायला माती नसते आणि पाणी अधूनमधून बदललें जातें. मातींत वाढलेल्या मुळांवर एकाएकीं तळें आलें तर त्यांना ती सवड मिळत नाहीं.

लावल्यावर आठवडाभर पाणी घातलें नाहीं, आणि नंतरहि माती आंतपर्यंत कोरडी झाल्यावांचून नाहीं. कुंडी खिडकीशीं, भरपूर उजेडांत पण दुपारचें ऊन चुकवून ठेवली. कांठांत हरितद्रव्य नसल्यामुळें अशा झाडाची अन्न करण्याची शक्ति साध्या हिरव्या झाडाहून कमी. उजेडाची कसर त्याला अधिक जाणवते.

मार्गशीर्षांत कुंडीच्या कडेला मातीला तडा गेला व त्यांतून भाल्याच्या टोकासारखा गुंडाळलेला कोंब वर आला. पान उलगडूं लागलें तेव्हां दोन्ही कडांना बारीक पिंवळी रेघ होती. पेल्यांतल्या चार तुकड्यांपैकीं दोन कुजले, दोघांनीं मूळ धरलें. त्यांतल्या एकाला फाल्गुनांत पिल्लू आलें, ठणठणीत आणि अगदीं हिरवें. तें आत्याबाई आपल्या घरीं घेऊन गेल्या. घंगाळ दिवाणखान्यांत आहे. चैत्राच्या हळदीकुंकवाला जाऊबाईंनीं त्यांत पाणी भरून मोगऱ्याचीं फुलें सोडलीं होतीं. कुंडी मागल्या पडवींत परत गेली आहे, आणि तिला जाऊबाईंच्याच अक्षरांत एक चिठ्ठी बांधली आहे: ‘पाणी एकादशीस. एकाच माणसानें.’ काकासाहेब संध्येचें पाणी आतां तुळशीला घालतात, पण जातां-येतां कुंडी उचलून तिचें वजन पाहण्याची संवय त्यांना लागली आहे. हलकी लागली तर ते कांहीं बोलत नाहींत; जड लागली कीं घरांत येऊन विचारतात, “आज कोणीं घातलें?”